दमलेल्या पेशी

बारामतीला एचआयव्हीच्या गोळ्या आणायला गेलो की आमच्या गावाकडच्या एक मासेवाल्या बाई तिथं भेटायच्या. पदर नाकापर्यंत ओढून बसायच्या आणि डॉक्टरांना हळूच विचारायच्या, "पेशी लई दमल्यात का वो?" विषाणूशी वर्षानुवर्षं लढून टी पेशी थकतात, गोळ्यांनी विषाणू दबला की त्यांना उसंत मिळते, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं.

भिगवणच्या बाजारात मासे विकताना मात्र त्या मला ओळख देत नसत. गावाला कळेल ही धास्ती दोघांनाही होती.

गेल्या महिन्यात मी गोळ्या आणायला गेलोच नाही. बाजारात दिसताच त्यांनी गिऱ्हाइकांसमोर हाक मारली.

"दादा, आपल्या दवाखान्यात आला न्हाय तुमी. पेशी एकट्या किती लढत्याल?"

एका बाईनं आम्हा दोघांकडं पाहून निवडलेला मासा परत पाटीत टाकला. पण मी "उद्या जातो" म्हणेपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही.