रुखवतातली टग

रुखवतात काय मांडतात हे मला चांगलं ठाऊक आहे. लाडवांचे मनोरे, करंज्या, थर्माकोलचं देऊळ, सुपारीचे नवरा-नवरी. माझ्या मुलीच्या रुखवतात मी पाण्यात चालणारी रिमोटची टगबोट मांडली. लोक अजून विचारतात, काहून? तर माझ्या नणंदेमुळे.

जावई कोकणातल्या एका बंदरावर टगवर कामाला. टग म्हणजे अवाढव्य जहाजांना दोरानं ओढून धक्क्याला लावणारी छोटी, दणकट बोट. हे सगळं मी नणंदबाईंना नीट समजावून सांगितलं. त्या आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण, राहायला अकोल्यात, आणि माझ्या मुलीच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांच्याच घरी गेलेल्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे डोंगीवाल्याले देऊन राहिले का पोरगी?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! साखरपुड्यापर्यंत झाडून साऱ्या नात्यागोत्यात जावई 'डोंगीवाला', म्हणजे होडी वल्हवणारा, झाला. मुलगी रडायला लागली. "आई, लग्नात सगळे त्याच्याकडे बघून हसतील गं." माझं डोकंच फिरलं. अमरावतीच्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंय मी. म्हटलं थांबा, एवढीशी बोट केवढं ओझं ओढते ते भर मांडवात दाखवते आणि एकेकाचं तोंड बंद करते.

बोटीचा सांगाडा ऑनलाइन मिळाला, हातभर लांबीचा. मोटर, गिअर आणि पंखे आपले आपण निवडायचे होते. त्यात काय एवढं! पहिली मोटर आणली ती सगळ्यात जोरात फिरणारी, आणि तिच्या दांडीला थेट एक लहानसा पंखा लावला. चाचणी घ्यायची कुठे? ऐन मे महिन्यात आमच्या घरातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कूलरची टाकी. कूलर बंद केला, वाळ्याच्या ताट्या काढल्या, बोटीच्या मागे एक पातेलं बांधलं आणि सोडली. पाण्याचा नुसता फेस झाला. पातेलं जागचं हललं नाही.

आमचे हे वकील. घामाघूम होऊन बनियनवर उभे होते. म्हणाले, "शंकरपटात पळणारा बैल तू नांगराले जुपला."

राग आला, पण माणूस बरोबर बोलला होता. ओढायचं तर पळ नको, जोर हवा. मग मी दुसरं टोक गाठलं, मोटारगाडीच्या वायपरची मोटर लावली. ती ओढायची खरी, पण इतकी सावकाश की पंख्याची पाती मोजून घ्यावीत. "या चालीनं पातेलं पलीकडं जाईपर्यंत नातवाचं बारसं होईल," हे म्हणाले, "तंवर कूलर तरी लावू दे." नाही लावू दिला. शेवटी मधली वाट काढली. मोटर मध्यम, तिच्यापासून पंख्यापर्यंत दातेरी पट्टा, मोटरचे तीन फेरे झाले की पंख्याचा एक, आणि पंखा मोठा, पितळी, चार पात्यांचा. पातेलं सरकलं! मी इतकी खूश झाले की बोटीला दोन मोटरी आणि दोन पंखे लावायचं ठरवून टाकलं.

तिथे घोड्यानं पेंड खाल्ली. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत असं वाचलं होतं, म्हणून एका मोटरच्या तारा मी उलट्या जोडल्या. पण पंखे दोन्ही एकाच वळणाचे होते. एक बोटीला पुढे ढकलायचा, दुसरा मागे. बोट टाकीच्या मधोमध गरगर फिरत बसली.

"बाप्पा," हे म्हणाले, "इनं तर फेरे आताच घेतले!"

उलट्या वळणाचा पंखा मागवला. तो येईपर्यंत कूलर बंदच होता आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

लग्न अकोल्यात होतं. कार्यालयात रुखवताच्या टेबलांशेजारी मी लहान मुलांचा फुगवायचा टब भरून ठेवला. परातीत बुंदीचे लाडू रचले, परात पाण्यावर तरंगत ठेवून दोरीनं बोटीला बांधली. दोन्हीकडची गर्दी जमली. टबाच्या एका टोकाला शालू सावरत मुलगी उभी, दुसऱ्या टोकाला खुर्चीवर नणंदबाई. नवरदेव मुंडावळ्यांसकट बघायला आला. मी रिमोटची दांडी पुढे केली. बोट वीतभर गेली, कण्हली आणि थांबली.

"काई ओढत नाही हे," मागून कोणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. मुलीनं मान खाली घातली.

"असं कसं?" नणंदबाई म्हणाल्या. "म्या सकाळीच पूजा केली तिची. हळदकुंकू लावलं, कमरेले नाडा बांधला."

"नाडा कुठं बांधला, बाई?"

"मांगच्या दांड्याइले. मले तिची कंबर तेच वाटली."

ट्रॅक्टर असो की मिक्सर, आमच्याकडे नवीन यंत्राला हळदकुंकू आणि लाल नाडा चुकत नाही. त्यांनी तो पंख्यांच्याच दांड्यांना बांधला होता, चांगला गाठी मारून. मोटर फिरताच त्याचं भेंडोळं पात्यांत जाऊन बसलं होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरदेव गुडघ्यांवर बसला. शेरवानीच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि बोट उचलून उलटी केली. "आई, कात्री द्या. पंख्यात दोर अडकणं आमच्याकडे नेहमीचं आहे." मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या, त्या त्यानं कानामागे टाकल्या. एक पंखा मोकळा झाला. दुसऱ्याचा पट्टाच तुटला होता.

"एकावर होईल," तो म्हणाला आणि त्यानं माझ्या हातून रिमोट घेतला.

माझ्यासारखी दांडी धाडकन पुढे नाही केली त्यानं. आधी दोरी हळूच ताणून घेतली, सुकाणू थोडं वळवलं, मग बेताबेतानं जोर दिला. लाडवांनी भरलेली परात हलली. निघाली. हसणं थांबलं. अख्खा टब ओलांडून बोट नणंदबाईंच्या पुढ्यात टेकली आणि मागोमाग परात आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर शिट्टी मारावीशी वाटली.

नणंदबाईंनी लाडू काही उचलला नाही. बोटीकडे बघत राहिल्या.

"ओढते खरी, इतकुशी असून," त्या म्हणाल्या. "पोरा, नेते ते पाह्यलं. वापस आणते का हे?"

कोणाला काही कळेना.

"म्या समुद्र पाह्यला नाही, बाप्पा. आमची पोरगी तिकडं जाऊन राहिली. म्हून विचारलं."

डोळे भरले होते त्यांचे.

जावयानं दांडी मागे घेतली. एकच पंखा, तोही उलटा फिरवलेला. बोट तिरकी होत, टबाच्या कडेला घासत, परातीला ढकलत निघाली. वाकडीतिकडी, पण मुलगी उभी होती तिथवर आली.

नणंदबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"मंग द्या पोरगी," त्या म्हणाल्या.