इरण्णांच्या दुकानाबद्दल विचाराल तर

अनोळखी माणसाने काही विचारलं तर मोजकं उत्तर द्यावं, ही अक्कल मला पन्नाशी ओलांडल्यावर आली, आणि तीही उत्तर देऊन झाल्यावर. इरण्णांच्या किराणा दुकानासमोर उसाच्या रसाचा गाडा आहे, तिथे मी उभा होतो. शेजारी पांढरी टोपी घातलेले, काखेत छत्री धरलेले एक गृहस्थ. रसाचा घोट घेत त्यांनी सहज विचारलं, "हे समोरचे दुकानदार माणूस कसे हायत?"

मी ग्लास खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

सुरुवात तूरडाळीपासून केली. एकदा मी पोत्यात हात घालून डाळ जरा पाहिली, तर इरण्णा तराजूवरून नजर न काढता म्हणाले, "हात काढा सायेब. तुमच्या हातावर शिजत न्हाय ती." साबण कोणकोणते आहेत विचारलं, तर म्हणाले, "आंघुळ करायची हाय का परदर्शन बगायचं हाय?" केसांच्या कलपाचं तर मी कोणाला सांगत नाही, पण त्या दिवशी तेही सांगितलं. दुकानात गल्लीतल्या चार बायका होत्या म्हणून मी हळूच मागितला. इरण्णांनी माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्येवढ्याला आख्खं पाकीट कशाला? अर्धं वाया जाईल की ओ."

गृहस्थांनी माझ्यासाठी आणखी एक ग्लास सांगितला. मग थांबतो कशाला? रव्याचं सांगितलं. रव्यात किडे निघाले म्हणून मी सकाळी सकाळी पुडा परत घेऊन गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं, पहिली विक्री म्हणजे भवानीसुद्धा झाली नव्हती. इरण्णांनी उदबत्ती फिरवता फिरवता मला पायरीवरून खाली उतरवलं. "भवानीच्या आधी माल परत? दुष्मन बी आसं करत न्हाय." एक मुलगी येऊन बिस्किटाचा पुडा घेऊन जाईपर्यंत मी रस्त्यावर किडे घेऊन उभा. मग रवा बदलून दिला, पण काय बोलून!

"घरात सगळेच असे का?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही हो. मुलगी आहे, भाग्यश्री. दुपारी गल्ल्यावर ती बसते. तीच काय ती त्यांना गप्प करते. परवा माझ्यासमोरच म्हणाली, 'अप्पा, गिऱ्हाईक हाय त्ये, जावई न्हाय. इतकं काय बोलायलाव?'"

गृहस्थ हसले, रसाचे पैसे देऊन गेले. मी हलक्या मनाने घरी आलो.

रात्री भाकरी वाढताना बायको म्हणाली, "भाग्यश्रीला चांगलं स्थळ आलंय. मुलाचे मामा आज कुर्डुवाडीहून गुपचूप चौकशीला येऊन गेले म्हणे. टोपी, छत्री. शांतव्वांनी खिडकीतून पाहिलं."

शांतव्वा म्हणजे इरण्णांची बायको. घास माझ्या तोंडातच राहिला. कारण आधीची दोन स्थळं इरण्णांच्या तोंडापायीच मोडली होती, हे गल्लीला ठाऊक होतं. एकदा तर बघायला आलेला मुलगा लाजून गप्प बसला, तेव्हा चहाचा कप पुढे करत इरण्णा म्हणाले होते, "पोरगं बोलत न्हाय की. चार्जिंग संपलंय काय?" त्यानंतर शांतव्वांनी नवऱ्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. हे तिसरं स्थळ हातचं गेलं तर पुन्हा कोणी विचारायला येईल का, याची त्या माउलीला धास्ती होती. आणि मी दोन ग्लास रसावर तेच स्थळ मोडायचं काम करून आलो होतो.

बायकोला मी काही बोललो नाही. निरोप येईपर्यंत किराणा मात्र तिलाच आणायला लावला.

निरोप आला तो होकाराचा. मी सुटलो असं मला वाटलं, पण लग्नाच्या पंगतीत मामांनी मला बरोबर हेरलं आणि दंडाला धरून इरण्णांसमोर उभं केलं.

"हे पावणे भेटले म्हणून जमलं बगा," मामा म्हणाले. "आमची अक्का, म्हंजे पोराची आई, लई तोंडाची. मोठी सून वर्सात येगळी ऱ्हायली. ह्यांनी तुमचं सगळं सांगितलं, तवा रस पितानाच मनात पक्कं केलं, ह्या बापाजवळ वाढलेली पोरगी अक्काच्या बोलण्यानं रडायची न्हाय. उलट उत्तर दील, आन् हसवील बी."

इरण्णांनी मला खालून वर पाहिलं. "ह्यांनी सांगितलं व्हय? ह्यांना डाळीतलं कळत न्हाय, माणसातलं काय कळतंय!" आणि माझ्या पानात दोन जिलब्या वाढल्या. नको म्हणालो, तर म्हणाले, "गप खावा. हितं निवडायला मिळत न्हाय."

पाठवणीच्या वेळी भाग्यश्री रडली नाही. ती आईला समजावत होती. इरण्णा गाडीमागे उभे राहून ड्रायव्हरला झापत होते, "पेटी आडवी ठिवतात का रं? भांडी हायत त्यात..." आणि बोलता बोलता त्यांचा आवाजच बसला. पुढचं वाक्य निघेना. ड्रायव्हर बिचारा पेटी धरून वाट पाहत राहिला. शेवटी भाग्यश्री गाडीतून उतरली, मागे आली आणि म्हणाली, "अप्पा, सरका. मी बगते." तिने पेटी उभी करून घेतली. गाडी गेली. इरण्णा त्या मोकळ्या जागेकडे बघत उभे राहिले, आणि इतक्या माणसांत कोणालाही काही बोलले नाहीत.

घरी येताना रिक्षात मी बायकोला सगळं खरं सांगितलं. माझ्यामुळे लग्न जमलं, हे जरा दोनदा सांगितलं.

ती म्हणाली, "आपल्या सईला स्थळं येतील तेव्हा चौकशीला लोक इरण्णांच्याच दुकानात जाणार. ते तुमच्याबद्दल काय सांगतील, याचा कधी विचार केलाय?"