चौथा वाफा

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. रोज नागापूरहून जातो-येतो. विद्यापीठात होणारं संशोधन, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि प्राध्यापकांचे पेपर, कुणालाही घरबसल्या वाचता यावं म्हणून एक संकेतस्थळ आहे. सगळे त्याला रिपॉझिटरी म्हणतात. बरीच वर्षं ती नुसतीच होती. मग वरून विचारणा झाली आणि ती सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं. बेरीज जुळल्याशिवाय हा माणूस घरी जात नाही, असं कारण सांगण्यात आलं. ते खरं आहे. घरी त्याचं कौतुक नाही.

काम कंटाळवाणं होतं आणि मला ते आवडलं. काही प्रबंध आडवे स्कॅन झाले होते, काहींची शेवटची पानं नव्हती. बाजरी कुठे मराठीत लिहिलेली, कुठे इंग्रजीत, कुठे शास्त्रीय नावानं, त्यामुळे बाजरी शोधणाऱ्याला सगळी बाजरी कधीच मिळत नसे. हे सगळं बसून दुरुस्त करता येत होतं. माणसांचं तसं नव्हतं. नाव लिहिण्याच्या तऱ्हा बदलल्या की मशीन एका माणसाची दोन माणसं करत होतं.

त्याच वर्षी बढतीच्या मुलाखतींसाठी नवा नियम निघाला. रिपॉझिटरीत उमेदवाराच्या नावाखाली जेवढे पेपर दिसतील तेवढेच गुणांसाठी धरायचे. हा नियम निघाल्यावर ग्रंथालयाचा जिना चढणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

त्यांत बाजरीवर काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. शांत स्वभावाच्या, माझ्याच वयाच्या. हातात यादीचा कागद होता.

"यात मी निम्मीच आहे," त्या म्हणाल्या.

प्रकार असा होता. त्यांचा प्रबंध लग्नाआधीचा, माहेरच्या नावानं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्यानं अंगठीनं जे नाव लिहिलं, ते पहिल्या अक्षरापासून नवं होतं. पुढच्या काही वर्षांचे पेपर त्या नावानं छापले गेले. मग त्या वेगळ्या झाल्या, घटस्फोट झाला आणि त्यांनी माहेरचं नाव परत घेतलं. रिपॉझिटरीच्या हिशेबी या दोन बायका होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. मधल्या वर्षांचे पेपर सुटले तर मॅडमचे गुण कमी पडत होते, आणि मुलाखत दिवाळीनंतर होती.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कंपनीला मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "दोन्ही नोंदी मर्ज मारा ना सर. जुनं नाव उडून जाईल."

मी एका नकलेवर ते करून पाहिलं. यादीत एक नाव आणि पेपर उघडला की पहिल्या पानावर दुसरंच. मला पटलं नाही. जे छापलंय ते छापलंय. मी बदललं तर उद्या कुणीही काहीही बदलेल.

त्या संध्याकाळी घरी बायको फोनवर बोलत होती. तिचं माहेर पुणतांब्याचं. भाऊ तिला अजून जुन्याच नावानं हाक मारतो आणि तो इतक्या मोठ्यानं बोलतो की मला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. फोन ठेवल्यावर मी तिला मॅडमची अडचण सांगितली.

ती म्हणाली, "तुम्हीही लिहिलं होतंत ना तांदळात? मला विचारलं होतंत?"

"आत्यानं सांगितलं ते लिहिलं."

"तेच म्हणते मी." तिनं कणकेला हात घातला. "आणि अडचण कसली त्यात? माहेरचा फोन येवो नाहीतर बँकेचा, कुठल्या का नावानं येईना, उचलते मीच."

दुसऱ्या दिवशी मी कागदावर आखणी केली. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा आणि त्याची सगळी नावं त्या क्रमांकाला जोडायची. कुठल्याही नावानं शोधलं तरी यादी एकच निघेल, आणि वर ते माणूस आज जे नाव लावतं ते दिसेल. पेपर मात्र ज्या नावानं छापला, तसाच राहील. कंपनीच्या माणसानं कुरकुर केली, पण होईल म्हणाला.

मॅडमना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते मधल्या वर्षांतलं नाव यादीवर नको."

"यादीवर नसेल. पेपर उघडला की पहिल्या पानावर असेल."

"पेपर उघडून बघतात किती जण?"

माझ्याकडे आकडे होते. मी सांगितले.

"मग माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

अडलं ते ग्रंथपालांकडे. आमचे ग्रंथपाल निवृत्तीला आलेले. पेन्शनीत काही अडकू नये म्हणून प्रत्येक गोष्टीला कागद मागणारे. त्यांनी चष्मा वर केला. "उद्या कुणीही येऊन म्हणेल, हीसुद्धा मीच. लग्नाचा दाखला आणि कोर्टाचा हुकूम, दोन्हींच्या झेरॉक्स फायलीला लावा."

मी मॅडमना निरोप दिला.

"त्या हुकमात माझ्याबद्दल काय काय लिहिलंय, तुम्हाला कल्पना नाही," त्या म्हणाल्या. "मी तो सख्ख्या भावाला वाचायला दिलेला नाही. फाईल चार टेबलांवरून फिरणार. नको. राहिली बढती तर राहिली."

परत येऊन मी खुर्चीत बसलो. समोरच्या पडद्यावर एका प्राध्यापकांची नोंद होती. त्यांचे पेपर आद्याक्षरांच्या तीन तऱ्हांनी छापलेले. त्या दिवशी सकाळी चहा येण्याआधी मी ते जोडून टाकले होते. त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. त्या नोंदीची प्रत घेऊन मी ग्रंथपालांकडे गेलो आणि विचारलं, "यांच्याकडे कुठला दाखला मागू?"

"त्यांचं तर तेच नाव आहे हो."

"कशावरून?"

"तुम्ही घरीही असंच बोलता का?"

"घरी बोलायला मिळत नाही, साहेब."

ते हसले, पण विचार करू लागले. शेवटी म्हणाले, "बरं, कोर्टाचं राहू द्या. पण काहीतरी पुरावा पाहिजे. कामातून निघत असेल तर कामातून काढा."

मी मॅडमचा प्रबंध आणि मधल्या नावानं छापलेला पहिला पेपर शेजारी-शेजारी ठेवून वाचले. बाजरीतलं मला कळत नाही, तक्ते कळतात. दोन्हींत पाथर्डीकडच्या एका शेतावरचा प्रयोग होता. प्रत्येक वाण चार वाफ्यांत पेरलेलं. प्रबंधात उत्पादनाची फक्त सरासरी छापली होती, पेपरात चारही वाफ्यांचे आकडे दिले होते. मी सवयीनं त्यांची बेरीज करून चारनं भागलं. एका वाणाची सरासरी जुळेना. छापलेली सरासरी जास्त होती आणि ती प्रबंधातल्या आकड्याशी तंतोतंत सारखी होती.

म्हणजे चूक होती आणि तीच चूक दोन्हीकडे होती. पुरावा म्हणून हे चांगलं होतं. मॅडमसाठी किती चांगलं, ते सांगता येत नव्हतं, कारण फाईल मुलाखतीच्या समितीपुढे जाणार होती आणि चुकलेला आकडा पाहून समिती काहीही म्हणू शकत होती. पण एकदा दिसलेलं मला न दिसल्यासारखं करता येत नाही. मी मॅडमना ग्रंथपालांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"पाथर्डीच्या प्रयोगातली एक सरासरी चुकलेली दिसते," मी म्हणालो. "प्रबंधातही आणि पेपरातही." कागद माझ्या हातातच होते, मी ते उघडले नव्हते.

मॅडम लगेच म्हणाल्या, "चुकली नाही. त्यात चौथा वाफा धरलेला नाही."

"का?"

"तो बांधाकडचा. शेजारी बाभळी होत्या. पाखरांनी खाऊन टाकला. राखणीला एक मावशी होत्या, डबा वाजवत फिरायच्या. मी रागावले तर म्हणाल्या, 'ताई, पाखरं लई झाली, म्या एकली कुठं कुठं पळू? तुमी या की डबा घिऊन.' मग मीही गेले. दोघी डबे वाजवत होतो. तरी तो वाफा गेलाच. गाईड म्हणाले, सरासरीत धरू नका, तळटीप द्या. तळटीप राहिली. पेपरातही राहिली."

ग्रंथपालांनी माझ्याकडून कागद घेतले आणि टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला. तीन वाफ्यांची बेरीज करून तीननं भागलं. एकदा करून खात्री होईना म्हणून पुन्हा केलं. जुळलं.

"हे पाखरांचं कुठे लिहिलेलं आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, सर. तेच तर लिहायचं राहिलं."

मग मी म्हणालो, "मॅडम, हे फायलीत लिहायचं तर तळटीप राहिली हेही लिहावं लागेल. समिती ते बघेल."

"लिहा," त्या म्हणाल्या. "त्या हुकमापेक्षा हे बरं. ही चूक तरी माझी स्वतःची आहे."

ग्रंथपालांनी अर्ध्या पानाची टिपणी लिहिली. कुठेच न छापलेलं हे कारण दोन्ही काम करणाऱ्यालाच माहीत असणार, असा तिचा मथितार्थ. खाली 'ओळख पटली' लिहून सही केली आणि शिक्का मारला. शिक्का त्यांनी इतक्या जोरात मारलेला मी आधी पाहिला नव्हता. त्यानंतर आम्ही तोच नियम सगळ्यांना लावला. पुरावा कामातून निघत असेल तर घरचे कागद मागायचे नाहीत.

मुलाखत झाली. चौथ्या वाफ्याचा प्रश्न तिथे सुरुवातीलाच निघाला, असं मॅडमनी नंतर सांगितलं. त्या पाखरांवर, राखणीवर आणि बांधाकडच्या वाफ्यांवर बोलत राहिल्या. शेवटी अध्यक्षांनीच पुरे म्हटलं. काही आठवड्यांनी आदेश निघाला. बढती मिळाली होती.

आदेश घेऊन त्या वर आल्या. त्यावर मधल्या वर्षांतलं नाव होतं. आस्थापना विभागानं ते जुन्या सेवापुस्तकातून उचललं होतं.

"यांच्याकडे आता कुठली पाखरं न्यायची?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्याकडे नीट आहे ना?"

मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. मग पाथर्डीच्या पेपराखाली राहिलेली तळटीप त्यांनी सांगितली आणि मी ती नोंदीत घातली. चौथा वाफा पाखरांनी खाल्ल्यामुळे सरासरीत धरलेला नाही. आदेशातल्या दुरुस्तीचा अर्ज त्यांनी माझ्याच टेबलावर बसून लिहिला.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "मग त्या बाईंचं नाव काय ठेवलंत शेवटी?"

"मी कशाला ठेवू? त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते लिहिलं."

तिनं माझ्या ताटात भात वाढला.

"या वेळी विचारलंत तरी," ती म्हणाली.