काळा दोरा

बायांनो, मंडळाची वही आज माझ्याकडे आलीय म्हणून लिहिते.

लढाईपायी कागद मिळत नाही, म्हणून आमचा वाणी सगळं एकसारख्या रद्दीत बांधतो. काल त्याच्याकडून पापडखार आणि उंदरांचं औषध आणलं. दोन्ही पांढरी पूड, दोन्ही पुड्या तेवढ्याच. घरी येताच सवयीने पुड्यांचे दोरे सोडून साठवलेल्या दोऱ्यांच्या गुंडीला गुंडाळले आणि पुड्या फळीवर ठेवल्या.

आज सकाळी एका पुडीतला खार घालून उडदाचं पीठ भिजवलं. कुटायला शेजारच्या अक्का आल्या. माझ्या धाकटीने तेल लावून दोन लाट्या खाल्ल्यासुद्धा. तेवढ्यात अक्कांचं लक्ष फळीवरच्या पुडीकडे गेलं.

"कोनती पुडी टाकी? याद शे ना तुले?"

मला याद नव्हती.

उरलेली पुडी घेऊन अनवाणी पळाले. पांझरेचा पूल कसा ओलांडला, ठाऊक नाही. वाण्याने पुडी उघडून पाहिली.

"हे उंदरांचंच, ताई. पिठात खारच गेलाय. पण काळा दोरा कुठंय? विषाला मी काळाच बांधतो."

मेल्याने हे आजवर कुणाला सांगितलं होतं?

धाकटी अंगणात खेळतेय. मी मात्र गुंडी उलगडून बसलेय. कालच्या काळ्या दोऱ्याखाली, बऱ्याच पांढऱ्यांनंतर, आणखी एक काळा निघाला. ती पुडी कधी आणली, कुठल्या डब्यात ओतली, काही केल्या आठवत नाही.

तुमच्या गुंड्या उलगडून पाहिल्यात का?