मेजरांची हजेरी

माझ्या शाळेची घंटा व्हायच्या आधी मेजर गावाची हजेरी घेत. हातात काठी, पायात फौजेतले जुने बूट. एकेका दारापुढे थांबून खणखणीत आवाजात विचारत, "सोजराक्का, हाय का?" आतून म्हातारी उत्तर देई, "हाय बाबा, आजून हाय." मग पुढचं दार. आष्टी तालुक्यातल्या त्या गावात मी शिक्षक म्हणून नुकता रुजू झालो होतो. पहिल्या दिवशी हा प्रकार ऐकून मला हसू आलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

दिवाळी झाली की सगळं गाव ऊसतोडीला जाई. ट्रॅक्टर भरून निघालेली माणसं साखर कारखान्यांच्या मुलखातून थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परतत. मागे उरत ती म्हातारी माणसं आणि कुलपं लावलेली दारं. किल्ल्या मेजरांच्या ताब्यात, आणि म्हातारी माणसंही त्यांच्याच ताब्यात.

भानुदास मेजर खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावाने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सैन्यातून आल्यावर त्यांनी वडिलांची कोरडवाहू जमीन कसायला घेतली आणि घरोघर फिरून दुधाची सहकारी संस्था उभी केली. "दारात दोन म्हशी आसल्यावर कोन कशाला जाईल ऊस तोडाया?" एवढंच त्यांचं म्हणणं. काही वर्षं ते खरंही झालं. मग ओळीने दुष्काळ पडले. चारा संपला, म्हशी आष्टीच्या बाजारात गेल्या आणि संस्थेच्या खोलीत दुधाचे कॅन पालथे पडले. त्याच खोलीच्या भिंतीला खिळे ठोकून मेजरांनी गावाच्या किल्ल्या टांगल्या. मी एकदा संस्थेचा विषय काढला, तेव्हा ते कॅनकडे पाठ करून बसले. "गुरुजी, ती चौकी आमी हारलो," म्हणाले.

त्यांचा विनोदही तसाच काळा. "सीझनात मरायचं न्हाई," असा म्हाताऱ्यांना हुकूम होता. "पोरं येस्तोवर दम धरा. चार खांदे लागत्यात, आन् गावात तेवढे बी न्हाईत." म्हातारे हसत. पण आपल्याला न्यायला चार माणसं मिळतील की नाही, ही धास्ती त्या हसण्यातही ऐकू येई.

सोजराक्काच्या नवऱ्याने तो हुकूम मोडला. ऐन पौषात गेला. मुलगा कर्नाटकात उसाच्या फडावर. मेजर शाळेत येऊन म्हणाले, "चला गुरुजी. तिघं हाईत, चौथे तुमी." मी तोवर कुणाला खांदा दिला नव्हता. माझी चाल चुकत होती, तिरडी हिंदकळत होती. तेव्हा पुढून मेजर हळू आवाजात मोजू लागले, "डावा... उजवा... डावा..." आमचे पाय जुळले. वेशीपर्यंत आलेली सोजराक्का ते मोजणं ऐकत उभी होती.

परतताना मेजर म्हणाले, "हिसका बसाया नगं, गुरुजी. जलमभर हिसकंच खाल्लं त्यानं."

"आणि तुमचं काय, मेजर?" मी विचारून गेलो.

"माजी काळजी नगं. गाव रिकामं ठिऊन म्या जानार न्हाई. पाडव्याला किल्ल्या वाटल्या, की मगच."

पुढच्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. कधी ऊसतोडीला न गेलेली घरंही निघाली. दुकानदारसुद्धा गेला. मेजरांना भिंतीवर नवे खिळे ठोकावे लागले. त्यांना सारखा खोकला येत होता. दवाखान्यात चला म्हटलं, की "हजेरी कोन घेईल?" म्हणून विषय मोडत.

माघातल्या एका सकाळी सोजराक्का काठी टेकत शाळेच्या दारात आली. "गुरुजी, आज मला कुनी इचारलंच न्हाई, हाय का म्हून."

मेजर संस्थेच्या खोलीत बाजेवर आडवे झाले होते. एक बूट पायात होता, दुसरा हातात. अंग गार पडलं होतं.

मी फोनवर फोन केले. जो तो दूरच्या फडावर, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पोचणार नव्हतं. शेजारची गावंही अशीच ओस. चालू शकणारे दोन म्हातारे आणि मी, असे तिघे झालो आणि तिरडीपाशी थांबलो. चौथं कुणी नव्हतं. मला रडू फुटलं, ते मेजर गेल्याचं की त्या रिकाम्या कोपऱ्याचं, मला सांगता येणार नाही.

सोजराक्काने पदर खोचला.

"आक्का, बाईमान्सानं..." एक म्हातारा पुटपुटला.

"गप ऱ्हा. माज्या धन्याला ह्यानं नेलता."

दहा पावलं गेलो आणि तिरडी हेलकावू लागली. कुणाचा पाय कुणाशी जुळेना. तेव्हा मागून सोजराक्का मोजू लागली, "डावा... उजवा... डावा..." तिच्या तालावर आम्ही मेजरांना हिसका न बसू देता नेलं.

पाडव्याला गाव परतलं. किल्ल्या मी वाटल्या. प्रत्येकाने विचारलं, "मेजरला खांदा कुनी दिला?" मी चार नावं सांगे. चौथं नाव ऐकलं, की धडधाकट माणसं खाली मान घालून किल्ली घेऊन जात.

दिवाळी झाली, आणि त्याच माणसांनी त्याच किल्ल्या मुकाट्याने माझ्या हातात आणून ठेवल्या.