सगळ्या गावाची वहिनी

युवक मंडळातली पोरं तिला वहिनी म्हणत, म्हणून त्यांच्या आयाही तिला वहिनीच म्हणू लागल्या. दूध संकलन केंद्रावर ती दुधाची फॅट तपासायची. नवरा मंडळाचा पुढारी, गावाचा लाडका कप्तान. दोघांची ओळख मंडळाच्या कुटुंब मेळाव्यात रस्सीखेच खेळताना झाली होती. हे लग्न आपणच जुळवलं, असं गाव कौतुकाने सांगायचं.

मंडळाचं काम खोटं नव्हतं, हे तीही मानायची. मेळावे सुरू झाले आणि एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका चटईवर बसू लागले. चौकात टवाळक्या करणारी पोरं म्हाताऱ्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत नेऊ लागली. पण त्या चटया वहिनीच्या पडवीत, भोंगे वहिनीच्या माळ्यावर, आणि कुणाचं घरात वाजलं की रडायला वहिनीचंच स्वयंपाकघर. चहा टाकता टाकता तिचा जीव घुसमटायचा.

शहरातल्या डेअरीने तिला प्रयोगशाळेत कामाला बोलावलं, तेव्हा कप्तान नाही म्हणाला नाही. "जा की. एवढा मेळावा होऊ दे," म्हणाला. मागच्या खेपेलाही असंच म्हणाला होता. या वेळी तिने निक्षून सांगितलं, "सोमवारी मी जाणार." त्याने मान डोलावली आणि तो भोंग्याची वायर जोडत राहिला.

मेळाव्यात बक्षिसं वाटून झाल्यावर त्याने माइक हातात घेतला. "यंदापासून मुलींचं लेझीम पथक आपल्या वहिनी चालवणार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी तिला ओढून पुढे आणलं. तिने माइक घेतला.

"मी सोमवारपासून इथे नसेन. शहरात नोकरी लागलीय मला."

मांडवात हशा पिकला. "कप्तानाला कंटाळलात होय, वहिनी?" मागून कुणीतरी विचारलं. कप्तान तर पोट धरून हसला.

संध्याकाळी चटया गुंडाळताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "खरं बोललीस ना?"

"हो."

"मग जा. इथलं मी बघते."

त्यांना धड उठताही येत नव्हतं. वहिनीने त्यांच्या हातातली चटई काढून घेतली.

सोमवारी ती बॅग घेऊन दाराशी आली, तर अंगणात मुली उभ्या. त्यांच्यात सुताराची थोरली होती. शाळा संपल्यापासून बापाने तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"बाबा म्हणाले, वहिनी आहेत तर जा," ती म्हणाली. धावतच आली असावी, तिला धाप लागली होती.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. कोपऱ्यावर शहराच्या गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा एकदा वाजला.

"थांबा. आलेच," म्हणून तिने बॅग आत नेऊन ठेवली.

डेअरीने ती जागा दुसरीला दिली. पथकाचा बोलबाला शेजारच्या गावांत पोचला. वहिनी बरेच दिवस कप्तानाशी कामापुरतंही बोलली नाही. दमली असेल बिचारी, असं त्याला वाटलं.