उशीची उलटी बाजू

शुभदा गेली हे मला इथे जपानमध्ये, ओजिमातल्या भारतीय किराणा दुकानात, तूरडाळीचं पाकीट हातात असताना, एका अनोळखी बाईकडून कळलं. तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी तिची रूथताई... आणि मला कुणी कळवलं नव्हतं. कळवावंसं वाटू नये, असंच मी वागले होते.

तिच्या नवऱ्याच्या आयटी कंपनीने त्यांना भारतातून इथे, उरायासुला आणलं, त्या वर्षी ती दर गुरुवारी दोन गाड्या बदलून आमच्या जुन्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये यायची. ख्रिस्ती नव्हती; मराठी बोलायला यायची. इंग्रज व्यापाऱ्यांनी बांधलेलं ते देऊळ. तिथे दर रविवारी जपानच्या सम्राटाबरोबर इंग्लंडच्या राणीसाठीही प्रार्थना व्हायची आणि राणीच्या राजदूतासाठी पुढची खुर्ची राखीव असायची. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून त्या खुर्चीपुढे गुडघे टेकायला नवी उशी हवी होती, वर राजचिन्हातला सिंह भरलेली. आम्ही बायका लोकर निवडत बसलो. हात चालला तो शुभदाचा. "ताई, तुमच्या राणीच्या सिंहाला मिशा काढू?" "सिंह आहे तो, फौजदार नाही." "मग आमच्या ह्यांच्यासारखाच. नुसती ऐट, तोंडातून शब्द नाही!"

उशीच्या खालच्या बाजूला भरणारीचं नाव घालायची आमची रीत. तिने कोपऱ्यात 'शुभदा' घातलं. मी ते उसवलं आणि माझं घातलं. राणीच्या माणसापुढे आपल्या मंडळीतलं नाव असावं, असं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच, की वीस वर्षं तिथे कप विसळून मला कुणी नावाने ओळखत नव्हतं. उपासनेनंतर राजदूतांनी उशी उलटून नाव वाचलं, माझा हात हातात घेतला. शुभदा चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. "छान झालं हं, ताई," म्हणाली. पुन्हा आली नाही. मीही फोन केला नाही.

भेटायला गेले तेव्हा तिचा नवरा शांतपणे बोलला. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली. जपानी येत नव्हतं, डॉक्टरांची भीती वाटायची. इथल्या कितीतरी मराठी मुलींबरोबर मी दुभाषी म्हणून इस्पितळात जाते. तिला ते ठाऊक होतं. "दोनदा तुमचा नंबर काढला होता तिने," तो म्हणाला. "मग म्हणाली, राहू दे."

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी माझं नाव उसवलं. खाली तिच्या टाक्यांची भोकं तशीच होती... वाचता येत होती. उशी उलटी करून खुर्चीपुढे ठेवली. दर आठवड्याला कुणीतरी ती सुलटी करतं. मी पुन्हा उलटी करते. का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.